आधी पत्रा बघा, मग इंजिन

पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी धूर मारायला लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, चाळीस हजारांच्या गाडीत पन्नास हजार घालणारा येडा, विकून टाका आणि हप्त्यावर नवी घ्या. दुसऱ्या पक्षात बहुधा एकच सभासद असतो. त्याने रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघितलेले असतात आणि त्याचं ठाम मत झालेलं असतं की झेनमध्ये एस्टीमचं इंजिन टाकलं की गाडी रॉकेट होते. मला या दोघांशीही भांडायचं आहे. पहिल्याशी जरा कमी, दुसऱ्याशी जास्त, कारण दुसरा माझ्याच वयाचा, माझ्याच हिंजवडीतला आणि बऱ्याचदा माझ्यासारखीच मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये गेलेला असतो.

पहिल्या पक्षाचं गणितच मुळात चुकीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. गाडीची बाजारातली किंमत ज्याला गाडी विकायची आहे त्याच्या कामाची. ज्याला ती वापरायची आहे, त्याने विचारायला हवं की इथून पुढची काही वर्षं मला महिन्याला किती पडतील? इचलकरंजीला माझ्या आईवडिलांकडे २००४ची झेन आहे. महिन्याला फार तर पाचशे किलोमीटर: बाजार, दवाखाना, एखादं लग्न. २०२४मध्ये नोंदणीचं दुसऱ्यांदा नूतनीकरण झालं, म्हणजे आरसी २०२९पर्यंत चालेल. त्याच वर्षी कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिन उतरवून पूर्ण काम केलं: बोअर, ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, हेडचं काम, मजुरी. खर्च ४८ हजार. पाच वर्षांनी भागा, महिन्याला ८०० रुपये होतात. नूतनीकरणाचे ५ हजार, पर्यावरण कर आणि किरकोळ दुरुस्त्या धरून हजार-दोन हजार म्हणा. याउलट पाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो सुमारे ८,१७० रुपये आणि नुसतं व्याजच जातं १ लाख ८६ हजार. पेन्शनीत बसलेल्या माणसाला हा हप्ता 'शहाणपणाचा' म्हणून सुचवणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यातला एकही हप्त्यातला रुपया भरणार नव्हता.

वीस वर्षांपुढच्या कारचं नूतनीकरण शुल्क २०२५मध्ये १० हजार झालं. म्हणजे सरकारही पहिल्याच पक्षात आहे. ते आकडेही हिशेबात धरा. हिशेब तरीही फिरत नाही.

आता दुसरा पक्ष. याची पहिली खोड ही की आजार काय आहे ते न बघता थेट प्रत्यारोपणाची तारीख घेतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तो कधी येतो? सकाळी स्टार्ट करताना भकाभक येऊन नंतर थांबत असेल, तर बऱ्याचदा व्हॉल्व्ह सील गेलेले असतात. ते स्वस्तातलं काम आहे, त्यासाठी इंजिन उतरवायचीही गरज नसते. अॅक्सिलरेटर दाबल्यावर, चढावर येत असेल तर रिंगा आणि बोअरकडे संशय जातो. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. खात्री करायची तर कॉम्प्रेशन टेस्ट. स्पार्क प्लग काढून त्या जागी गेज लावायचा, इंजिन फिरवायचं, प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा. मग कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघायचं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. अर्ध्या तासाचं काम आहे. जो मिस्त्री हे न करता 'इंजिनच बदला साहेब' म्हणतो, त्याच्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा.

दुसरी खोड जास्त खोल आहे आणि ती आमच्या धंद्याने लावलेली आहे. आम्हाला वाटतं सगळं मॉड्यूल असतं, एक काढलं की दुसरं बसतं. झेनचं ९९३ सीसीचं आणि एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन सुझुकीच्या एकाच जी मालिकेतली भावंडं आहेत, म्हणून ही जोडी लोकप्रिय. माउंटिंग जमतं, इंजिन चालूही होतं, व्हिडिओ तिथेच संपतो. त्यापुढे असतो क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, रेडिएटर, सायलेन्सर, वायरिंग, ईसीयू. मूळ गाडी कार्बोरेटरची आणि नवं इंजिन एमपीएफआय असेल तर टाकीतल्या पेट्रोल पंपापासून सुरुवात. आणि ब्रेक. ताशी ८०ने धावणारी गाडी ११०ने धावायला लागली तर तिची गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गावर वाढते. अकरावीच्या पुस्तकातलं आहे हे. ती सगळी ऊर्जा थांबवायची कोणी? पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या त्याच ब्रेकनी, जे कंपनीने ९९३ सीसी डोळ्यांसमोर ठेवून निवडले होते.

'पण कंपन्यांनीही केलंय की' हे उत्तर मला ठाऊक आहे. खरंच केलंय. कुर्ल्याच्या प्रीमियरने १९८५मध्ये फियाट १२४च्या बॉडीत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन बसवलं आणि गाडीच्या नावातच ते कोरलं: ११८एनई, म्हणजे निसान इंजिन. हिंदुस्थान मोटर्सने नव्वदच्या दशकात अॅम्बॅसडरला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन दिलं, पण सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्सही दिला. ज्याला तुम्ही स्वॅप म्हणता त्याच्यामागे तिथे एक अख्खा विभाग, चाचण्या आणि सरकारी मंजुरी उभी होती. तुमच्यामागे एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे.

कायद्याचं तर कुणी नावच काढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. मंजूर सीएनजी किट किंवा इलेक्ट्रिक किटचा मार्ग वेगळा, त्याला कायद्यात जागा आहे. दंडाचं सोडा, पाच हजार कोणीही भरेल. मला काळजी आहे ती रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाची. त्या झेनने नवले पुलाच्या उतारावर एखाद्या दुचाकीवाल्याला उडवलं, तर सर्व्हेअर बॉनेट उघडून सगळ्यात आधी इंजिन नंबर आरसीशी ताडून बघेल. नंबर जुळला नाही की विमा कंपनीच्या हातात हरकतीचं आयतं कारण आलं. मग जखमी माणसाचं कुटुंब भरपाईसाठी वर्षानुवर्षं खेटे घालणार, आणि ती रक्कम शेवटी तुमच्या बापाच्या प्रॉव्हिडंट फंडातून निघणार. तुमची हौस, त्यांचा पाय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. इंजिन हा जुन्या गाडीतला सगळ्यात दुरुस्त होण्याजोगा भाग आहे. बोअर करता येतो, स्लीव्ह टाकता येते, क्रँक ग्राइंड होतो. कोल्हापूरसारख्या गावात हे काम पिढ्यान् पिढ्या करणारे हात अजून आहेत. भंगारातल्या अनोळखी इंजिनापेक्षा स्वतःच्या इंजिनाचा इतिहास तरी माहीत असतो. काम काढलंच आहे तर पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सीलही बदलून घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २००४च्या नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत.

दुरुस्त होत नाही तो पत्रा. कुठल्याही इंजिनावर रुपया घालण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा. मॅट उचलून फ्लोअर बघा. दाराखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा, पुढचा शॉकअप बॉडीला जिथे बोल्ट होतो ती वाटी, सगळीकडे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. आत गेलं तर गाडी संपली, वर कितीही लांबी भरून रंग मारलेला असो. कोकणात राहिलेल्या गाडीबाबत तर हे आधी आणि इंजिनाचा धूर नंतर. अशा गाडीबाबत पहिला पक्ष बरोबर आहे, आणि मी त्यांच्याकडून मत देईन.

दुसरं इंजिन टाकणं मला पटतं ते एकाच परिस्थितीत: पत्रा ठणठणीत आहे, पण ब्लॉकच फुटलाय किंवा कनेक्टिंग रॉड बाहेर आलाय. तेव्हा त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घ्या नाहीतर आणखी कुठे, पण ज्या गाडीतून ते निघालं तिची कागदपत्रं आणि इंजिन नंबर लिहिलेलं बिल हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका, ते इंजिन चोरीच्या गाडीचंही असू शकतं. तिथेच कॉम्प्रेशन मोजायला लावा. ऑइलचं झाकण उघडून आत काळा चिखल आहे का बघा. परिवहन कार्यालयाची मंजुरी आधी घ्या, आणि नवा नंबर आरसीवर चढला की त्याची प्रत विमा कंपनीला पाठवा. दुकानदार म्हणेल, 'नंबर कोण बघतं?' त्याला म्हणा, हेच बिलावर लिहून सही करून दे.