लाइट गेल्याने नव्हे, उन्हाने

मुदखेडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. बचत गटाचे कर्ज काढून त्यांनी उबवणीचे लहान यंत्र घेतले. एप्रिलमध्ये 60 गावरान अंडी लावली, पिल्ले निघाली 14. सासूबाई म्हणतात कोंबडा म्हातारा झाला, विकून टाका. पती म्हणतात, लाइट सारखी जाते, इथे यंत्र चालायचे नाही. हप्ता मात्र दर महिन्याला भरायचा आहे. दुसरी खेप लावावी का, असे त्या विचारतात.

पत्रातली दोन वाक्ये आम्हाला महत्त्वाची वाटली. पिल्ले 21 व्या दिवसाऐवजी 19 व्या-20 व्या दिवशीच निघू लागली आणि त्यांची बेंबी ओली, उघडी होती. यंत्र पत्र्याच्या खोलीत आहे. लाइट जाऊन अंडी गार झाली असती तर पिल्ले उशिरा निघाली असती. लवकर निघाली, म्हणजे अंड्यांना उष्णता जास्त झाली.

यंत्रातला थर्मोस्टॅट ठरलेल्या आकड्यावर बल्ब बंद करतो. तो यंत्र गार करू शकत नाही. पंख्याच्या यंत्रात आत 37.5 अंश हवेत, आणि एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे पत्र्याखाली पारा 40 च्या वर जातो. मग बल्ब बंद असूनही अंडी तापत राहतात. खुडूक कोंबडी रोज दाणापाण्याला उठते, तेवढा वेळ अंडी उघडीच असतात, तरी पिल्ले निघतात. थोडा गारवा गर्भ सोसतो. जास्तीची उष्णता मात्र त्याला मारू शकते. लाइट तासाभरासाठी गेली तर झाकण उघडू नका, वर गोधडी टाका, पण हवेची छिद्रे मोकळी ठेवा. दुपारच्या उन्हात मात्र गोधडी नको.

आता कोंबड्याविषयी. न फुटलेली अंडी अंगणात, नाकाला फडके बांधून फोडून पाहा. आत नुसता स्वच्छ बलक असेल तरच संशय कोंबड्यावर जातो (एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या पुरेत). बलकावर रक्ताचे बारीक कडे दिसले तर कोंबडा निर्दोष आहे. गर्भ धरला होता, पहिल्या काही दिवसांत मेला. उन्हाळ्यात हे पुष्कळदा यंत्रात ठेवण्याआधीच घडते. अंडी गोळा करून आठ-दहा दिवस उबदार खोलीत टोपलीत ठेवली की गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि तिथेच संपतो. म्हणून दिवसातून दोनदा अंडी उचला, माठाजवळच्या गार कोपऱ्यात निमुळते टोक खाली करून ठेवा आणि चार-पाच दिवसांत लावा. फ्रीज नको, तिथे गारवा फार असतो. अंडी धुऊही नका.

पूर्ण वाढलेले पिल्लू कवचाला चिकटून मेलेले दिसले तर आत ओल कमी पडली. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी. पाण्याची ताटली एका दिवसात आटते. पहिले 18 दिवस 50 ते 55 टक्के आर्द्रता ठेवा, पुढचे तीन दिवस 65 ते 70. अंडी दिवसातून तीन-पाच वेळा फिरवा, 18 व्या दिवसानंतर नाही. यंत्राच्या आकड्यावर विसंबू नका. साधे थर्मामीटर आणि घरातले तापाचे थर्मामीटर एकाच पेल्यातल्या कोमट पाण्यात धरा. आकडे जुळले तर ते साधे थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवा.

तेव्हा या भगिनींनी यंत्र परत करू नये, कोंबडाही विकू नये. दुसरी खेप पाऊस पडून खोली निवल्यावर लावावी. तेवढे थांबणे हप्त्यामुळे जमत नसेल, तर यंत्र पत्र्याखालून काढून घरातल्या सर्वांत गार, मातीच्या भिंतीच्या खोलीत न्यावे आणि 20 अंड्यांचीच खेप लावावी. सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या उजेडावर अंडी धरून पाहावीत: लाल शिरांचे जाळे दिसले तर ठेवायची, स्वच्छ दिसली तर काढायची. शेवटच्या तीन दिवसांत घरातल्या मुलांना झाकण उघडू देऊ नये. निघालेली पिल्ले सुकेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती पहिला दिवस सहज काढतात.