२१४७४८३६४७ आणि ‘एवढं पुरे’

दहा आकडी असला तरी हा कुणाचा मोबाइल नंबर नाही, मंडळी. कोड लिहिणाऱ्यांना तो बघताक्षणी ओळखीचा वाटेल. ३२ बिटांच्या साइन्ड इंटिजरमध्ये मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. हिच्यात १ मिळवला की बहुतेक ठिकाणी थेट उणे २१४७४८३६४८! आपली ओळख एवढ्यावरच संपते, आणि माझ्या मते ती इथे संपू नये.

२ चा ३१ वा घात वजा १ म्हणजे ही संख्या. गंमत म्हणजे ती मूळ संख्या आहे. ३१ मूळ म्हणून हीसुद्धा आपोआप मूळ, असं मात्र नाही. ११ पण मूळच, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते होतात २३ गुणिले ८९. म्हणजे तपासणं आलं. हिचं वर्गमूळ ४६३४१ च्या किंचित अलीकडे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या साडेचार हजारांहून जास्त. हाताने भागत बसणार कोण?

ऑयलर बसला, पण आधी डोकं चालवून. हिला मूळ भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. अशा मूळ संख्या शंभरसुद्धा नाहीत. त्यातल्या एकीनेही भाग जात नाही. साल १७७२, आणि या माणसाची दृष्टी तेव्हा जवळपास गेलेली!

या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. म्हणजे ६ = १ + २ + ३ सारखी, स्वतःला सोडून बाकी भाजकांची बेरीज तेवढीच. १८११ मध्ये पीटर बार्लोने लिहून टाकलं की याहून मोठी कुणी शोधणार नाही, कारण तिचा उपयोग काय? १८७६ मध्ये ल्यूकाने २ चा १२७ वा घात वजा १ मूळ असल्याचं सिद्ध केलं, आणि बार्लोचं भाकीत तिथेच संपलं.

आता आपल्या धंद्याकडे बघा. युनिक्समध्ये १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजायला हीच मर्यादा ‘पुरेशी’ ठरली. ते सेकंद संपतात १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. जिथे अजून ३२ बिटांचंच घड्याळ आहे, तिथे पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ उजाडेल. आणि हे २०३८ चं दुखणं नाही, आजचं आहे. आज घेतलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते ती तारीख ओलांडतात.

एकच संख्या, आणि दोनदा तेच ‘एवढं पुरे’. संख्येला शेवट नव्हताच, संपली ती आपली त्या वेळची गरज. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की मर्यादा घाला, पण ती कधी संपणार तेही शेजारी लिहून ठेवा.

६४ बिट घेतले की सेकंद २९२ अब्ज वर्षं पुरतात म्हणे. पुरतील. पण ती मर्यादा, २ चा ६३ वा घात वजा १, मूळ संख्याही नाही बरं का. सरळ ७ ने भाग जातो!