कठड्याच्या तळचा शेंदूर

गणपती पंधरा दिवसांवर आले की चाळीच्या गॅलरीत घासकाम सुरू होते. परवा रंगारी लोखंडी कठडा पॉलिश पेपरने कोरडाच घासत होता. वरचा तपकिरी निघाला, खाली हिरवा, त्याखाली पिवळाधमक, अगदी तळाला शेंदरी. भुकटी लादीवर, लादीवर शेजारचे रांगते पोर आणि पोराची बोटे तोंडात. हटकले तर मालक म्हणाले, ‘‘शिशाचा रंग ही अमेरिकेची भानगड. आपल्याकडे भिंतींना चुना असायचा.’’

चुना होता, कबूल. पण दारे, खिडक्या, गज, पाळणे? त्यांना ऑइल पेंटच. पिवळ्यात शिशाचे क्रोमेट, लवकर वाळावा म्हणून शिशाचेच ड्रायर आणि लोखंड गंजू नये म्हणून तळाला शेंदूर. हा शेंदूरही शिशाचे ऑक्साइडच.

दुसरी ढाल कायद्याची. केंद्राच्या 2016 च्या नियमांनुसार 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात शिसे दहा लाखांत 90 भागांहून जास्त चालत नाही. नियम चांगलाच, पण तो डब्याला बांधतो, कठड्याला नाही. अमेरिकेने घरगुती शिसेरंग 1978 मध्ये बंद केला, तरी 1992 मध्ये वेगळा कायदा करावा लागला: जुने घर विकताना किंवा भाड्याने देताना ठाऊक असलेले शिसे आधी सांगायचे. आपल्याकडे पागडी-डिपॉझिटची घासाघीस तासभर चालते, रंगाच्या थरांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

‘आम्ही त्यातच वाढलो, काय झाले?’ हा सर्वांचा लाडका सवाल. शिसे बहुधा गाजावाजा न करता भिनते. मूल चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते आणि आपण त्याला मठ्ठ म्हणून मोकळे होतो. शिशाची सुरक्षित पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा काही गमावले नाही, हे कशावरून ठरवले?

मग सगळे खरवडून काढायचे? मुळीच नाही, धोका त्यातच आहे. धड असलेला थर तसाच ठेवून वर नवा हात मारावा. पोपडे सुटले असतील तिथे पाणी मारून ओलेच घासावे, खाली प्लॅस्टिक अंथरावे, नंतर झाडू न फिरवता ओल्या फडक्याने पुसावे. ब्लो लॅम्प तर नकोच. त्या आचेने शिशाची वाफ होते. मुले आणि गरोदर बाई तेवढे दिवस दुसरीकडे. रंगाऱ्याला चांगला मास्क द्यावा. त्याच्या कपड्यांवरची भुकटी त्याच्या पोरांपर्यंत जाते.

त्या दिवशी मी बादली पुढे केली. रंगारी म्हणाला, ‘‘ओल्याने अर्धा दिवस जास्त जातो, साहेब. तो कोण देणार?’’ यंदा घरात रंगकाम काढाल, तेव्हा ती अर्ध्या दिवसाची मजुरी आधीच ठरवून टाका.