वाद्य आधी, संगीत मागून

९ जुलै १९२३ रोजी मिशिगनमधल्या कलामाझू इथे, गिब्सनच्या कारखान्यात, लॉइड लोर यांनी एका नव्या मेंडोलिनच्या पोटातल्या चिठ्ठीवर सही केली आणि तारीख घातली. व्हायोलिनला असतात तशा लांबट छिद्रांतून डोकावले की ती चिठ्ठी दिसते. वरची पाटी स्प्रूसची, पाठ मेपलची, दोन्ही कोरून घडवलेल्या. 'एफ-५' नावाचे हे वाद्य मैफिलीच्या सभागृहासाठी होते. पण मेंडोलिनच्या वाद्यवृंदांची लाट तोवर ओसरली होती. नाचाच्या बँडना बँजो हवा होता. १९२४ च्या अखेरीस लोर कंपनीतून बाहेर पडले. वाद्य तयार होते, त्याचे संगीत अजून जन्मायचे होते.

ते जन्मले दोन दशकांनी. केंटकीच्या बिल मन्रो यांना हेच मेंडोलिन मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात विकायला ठेवलेले दिसले. १५० डॉलर देऊन त्यांनी ते घेतले. त्यावर त्यांनी जे वाजवले, ते पुढे ब्लूग्रास म्हणून जगभर गेले. आज लोर यांच्या सहीला जी किंमत आहे, ती या संगीताने मिळवून दिली. आपल्या मुंबईत सज्जाद हुसेन यांनी याच पडद्यांच्या युरोपी वाद्यावर राग वाजवले. हे वाद्य घडवणाऱ्या नेपल्सच्या कुठल्या कारागिराने ते मनात आणले असते? वाद्य कारागीर घडवतो. त्याचे नशीब मात्र त्यासाठी नवे रचणारा घडवतो.

म्हणूनच जुन्या मेंडोलिनांवर स्वतःच्या नव्या रचना जोडीने वाजवून ध्वनिमुद्रित करणे, हे मला वाद्य जतनाचे सर्वांत खरे काम वाटते.

दोन मेंडोलिनांची ही जोडी जुनी आहे. विवाल्डी यांनी दोन मेंडोलिनांसाठी कॉन्चेर्तो लिहिला. १७६० च्या दशकात पॅरिसमध्ये नेपल्सचे वादक शिष्यांसाठी अशी द्विवादने छापत होते. पण रचनाकाराची इथे कसोटी लागते. दोन्ही वाद्यांना तारांच्या चारच जोड्या, त्याही दोन्हीकडे सारख्याच सुरांत लावलेल्या, खर्ज नाही, आघात होताच स्वर विरू लागतो, तो टिकवायला पिक झरझर फिरवावा लागतो. दोन्ही वाद्ये एकसारखी असली, तर कोण बोलले आणि कोणी उत्तर दिले हेच कळत नाही. जुनी वाद्ये इथे उपयोगी पडतात. नेपल्सचे गोल पोटाचे मेंडोलिन लखलखीत बोलते, अंडाकृती छिद्राचे गिब्सन उबदार, तर एफ-५ चा ठोका कोरडा आणि धारदार. मायक्रोफोन जवळ आणला की हा फरक संवाद होतो. मेंडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमन यांनी १९९४ मध्ये टोनी राइस यांच्या गिटारसोबत 'टोन पोएम्स' हा अल्बम काढला, तेव्हा प्रत्येक रचनेला मेंडोलिन वेगळे आणि गिटारही वेगळी घेतली. प्रत्येक लाकडाची भाषा ऐकू यावी, हा त्यामागचा आग्रह होता.

जुने म्हणजे चांगलेच, असे मी म्हणत नाही. संशोधक क्लोदिया फ्रित्झ यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डोळ्यांवर काळे चष्मे लावलेल्या बहुतेक व्हायोलिनवादकांना नवी व्हायोलिनेच आवडली. जुन्या वाद्याचे मोल त्याच्या वेगळ्या आवाजात आहे, आणि तो आवाज कपाटात ऐकू येत नाही.

वाजवले तर झिजेल, मोडेल, ही भीती रास्त आहे. १९८५ मध्ये मन्रो यांच्या घरात घुसून कुणीतरी त्या मेंडोलिनच्या ठिकऱ्या केल्या. गिब्सनच्या कारागिरांनी एकेक तुकडा जुळवून ते उभे केले आणि मन्रो यांनी ते पुन्हा वाजवायला घेतले. मोडलेले वाद्य जोडता येते. ज्याच्यासाठी कुणी काही रचलेच नाही, ते मात्र धडधाकट असूनही मुके राहते.