पदवी की पाना? निवड आमची हवी

दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी एक उपदेश सुरू होतो. "पदव्यांची भेंडोळी घेऊन काय करणार? आयटीआय करा, हाताला काम शिका." मंत्र्यांच्या भाषणांतून, वर्तमानपत्रांतून, करिअर मेळाव्यांतून तो आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचतो. या उपदेशात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु उपदेश करणाऱ्यांची स्वतःची मुले फिटर-वेल्डरच्या वर्गात का दिसत नाहीत, हे विचारल्याशिवाय तो मान्यही करणार नाही.

पुरावा म्हणून आकडे दिले जातात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतातील पदवीधर तरुणांमध्ये बेकारी २९.१ टक्के होती, तर निरक्षर तरुणांमध्ये ३.४ टक्के. म्हणजे पदवी निरुपयोगी, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. पण निरक्षर तरुण बेकार दिसत नाही याचे कारण त्याला बेकार राहणे परवडत नाही. एक दिवस घरी बसला तर चूल पेटत नाही, म्हणून तो मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर करतो. हा काही सुबत्तेचा पुरावा नव्हे. पदवीधर आपल्या शिक्षणाला साजेशा नोकरीची वाट पाहतो आणि ती नोकरी सरकारने कंत्राटदाराच्या हवाली केलेली असते. कंत्राटी भरतीत आरक्षणाचे काय होते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. दोष पदवीचा नसून रोजगार धोरणाचा आहे.

"हाताचे काम शिका" या भाषेला या देशात इतिहास आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा! चांभाराच्या मुलाने चामडे आणि न्हाव्याच्या मुलाने वस्तरा. पेरियार आणि द्रविड चळवळीने रान उठवले. १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराजांनी ती योजना रद्द केली. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आली. अठरा पारंपरिक व्यवसाय, गुरू-शिष्य परंपरेचा गौरव, आणि मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे! अवजारांसाठी पंधरा हजार रुपये मिळाले तर गरीब कारागिराने ते जरूर घ्यावेत. पण कुटुंबाचा धंदा हाच पात्रतेचा आधार होतो, तेव्हा ते कौशल्य राहत नाही, जातीची पुनर्भरती होते. तामिळनाडू सरकारने २०२४ मध्ये ही योजना आहे त्या स्वरूपात राबवण्यास नकार दिला, तो याच कारणासाठी.

मग बाबासाहेब तंत्रशिक्षणाच्या विरोधात होते काय? मुळीच नाही. १९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या आणि परदेशी शिक्षण मागितले. त्याबरोबरच सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. आणि याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. त्यांना दोन्ही हवे होते. छापखाना व रेल्वेचा कारखाना ही आमच्या बापजाद्यांची कामे नव्हती, हा त्यातला मुद्दा आहे. गावकीच्या कामातून सुटका करणारे यंत्राचे कौशल्य त्यांना हवे होते, गावकीत परत नेणारे नव्हे.

आता सरकारचा तराजू पाहू. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये युवकांसाठी कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली. विद्यावेतन ठरले बारावीला सहा हजार, आयटीआय व पदविकेला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. भाषणात पान्याचा गौरव करणारे पैसे मोजताना मात्र पदवीलाच वरचढ ठरवतात. तेव्हा आमच्या पोरांनी पदवीचा हट्ट धरला तर तो अडाणीपणा कसा?

मात्र थोडे आत्मपरीक्षणही करू या. वाचनालय नाही, प्राध्यापक नाहीत, अशा महाविद्यालयातून बी.ए. करून, कर्ज काढून बी.एड. करायचे आणि संस्थाचालकाला द्यायला लाखो रुपये नाहीत म्हणून घरी बसायचे, यात आमच्या किती पिढ्या खर्ची पडल्या? आयटीआयला जाणाऱ्या मुलाला "शिकला नाही" म्हणणारे आपल्यातही आहेत. हे थांबले पाहिजे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेवरून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात. ही वाट किती पालकांना माहीत आहे? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. आपल्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत त्या जागा भरल्या जातात का, हे किती कार्यकर्त्यांनी तपासले?

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे की यंदा निकालानंतर केवळ गुणवंतांचे सत्कार करून थांबू नका. विहाराविहारात मार्गदर्शनाचे टेबल मांडा. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले यांची व्यवस्था तिथेच लावा. ज्याला इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे त्याला मानाने पाठवा, जिला पीएच.डी. करायची आहे तिला पैशाअभावी थांबू देऊ नका. कोणी काय शिकावे हे जन्मावरून ठरवण्याचा अधिकार आम्ही २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळून टाकला आहे. तो नव्या वेष्टनात परत येत असेल तर ते वेष्टन फाडणे हेही शिक्षणच आहे.