एक ताट, दोन पेले

वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची असते. चवीपुरती साठ-साठ मिलिलिटर ओतली तर ती बारा जणांना पुरते. घरी दोघांनी एक उघडली, तर उरलेली तीन-चार दिवसांत हवा लागून उतरते. सहा प्रकारच्या वाइन एका संध्याकाळी, प्रत्येकीबरोबर वेगळा पदार्थ, असे चाखायचे असेल तर दहा-बारा माणसांचे टेबल लागतेच. रेस्टॉरंटमध्ये ठरवून भरवलेल्या वाइन डिनरला मी आवडीने जाते, त्याचे पहिले कारण हा साधा हिशेब.

दुसरे कारण टेबलावरची माणसे. एरवी हॉटेलात चार जण चार वेगळे पदार्थ मागवतात आणि आपापल्या ताटलीत बघून जेवतात. इथे सगळ्यांच्या पुढे एका वेळी एकच पदार्थ आणि एकच वाइन येते. कुणाला ती आवडते, कुणाला मुळीच नाही, आणि मग बोलणे सुरू होते. नाशिकच्या अशाच एका जेवणात माझ्या शेजारी दिंडोरीकडचे एक बागायतदार बसले होते. खायची द्राक्षे सतरा-अठरा ब्रिक्स गोडीला उतरवतात, वाइनची मात्र बावीस-चोवीसपर्यंत वेलीवर ठेवतात, हे त्यांनी सांगितले. ही साखरच पुढे आंबून अल्कोहोल होते. आपल्याकडच्या उन्हात साखर भराभर चढते, म्हणून इथल्या कित्येक लाल वाइन साडेतेरा-चौदा टक्क्यांपर्यंत जातात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी हे सगळे चक्र त्यांनी जेवता जेवता समजावले. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपला पावसाळा टाळायचा तर पीक हिवाळ्यावरच घ्यावे लागते. वाइनच्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा मला त्या बोलण्यातून जास्त कळले.

आता माझी तक्रार. नाशिक-पुण्याच्या बहुतेक वाइन डिनरचा मेन्यू अजून युरोपातच अडकला आहे. आधी चीज, मग मशरूमचे काहीतरी, मग भाजलेले मटण, शेवटी चॉकलेट. पदार्थ चांगले असतात, पण ही जोडी दुसऱ्यांनी कधीच ठरवून ठेवलेली आहे. आपल्या वाइनचा इतिहास केवढासा! श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला वाइन करायला घेतली ती ऐंशीच्या दशकात. राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली, राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चे, आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले २०१० मध्ये. अकलूजची फ्रातेली त्याच सुमाराची. शेजारच्या स्वयंपाकघरात शेकडो वर्षे काय शिजते आहे, याची या वाइनशी ओळख करून देण्याचे काम अजून व्हायचे आहे. हे काम अशा जेवणांनीच करायचे, दुसरे कोण करणार?

जिथे कुणी ते मनापासून केले, तिथे मी फार आनंदाने जेवले आहे. कोथिंबीर वडीबरोबर कोरडी स्पार्कलिंग वाइन दिली होती. वडी तळलेली, बेसनाची, जिभेवर तेलाचा थर बसवणारी. वाइनमधला आंबटपणा आणि बुडबुडे तो थर धुऊन काढतात आणि पुढची वडी पुन्हा पहिल्यासारखी लागते. रव्यात घोळवून तळलेल्या बोंबलाबरोबर सोव्हिन्यॉ ब्लां घ्यावी, लिंबू पिळल्यासारखे काम ती करते. माशाबरोबर लाल वाइन नको म्हणतात, त्याला नुसता रिवाज समजू नका. लाल वाइनमध्ये लोह जास्त असले तर मासळीचा उग्र वास तोंडात मागे राहतो, असे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले आहे.

शाकाहारी पाहुण्यांना अशा जेवणात नेहमी पनीरवर भागवतात, त्याचे मला वाईट वाटते, कारण भरली वांगी आणि शिराझ ही जोडी मी चाखलेल्या उत्तम जोड्यांपैकी आहे. शिराझच्या सालीत रोटंडोन नावाचे द्रव्य असते आणि काळ्या मिरीचा वासही त्याच द्रव्याचा. गोड्या मसाल्यातली मिरी, लवंग, दगडफूल आणि वाटणातले दाणे-खोबरे यांना ही वाइन सहज सामावून घेते. शिराझचा तुरटपणा, जांभळाने जीभ ओढते तसा, खोबऱ्याच्या आणि दाण्याच्या स्निग्धतेत मऊ होतो.

खरी परीक्षा तांबड्या रश्श्याची. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या चेतातंतूंना जळजळीची वर्दी देते, त्याच तंतूंना अल्कोहोल आणखी चेतवते. म्हणून मटणाच्या झणझणीत रश्श्यासोबत चौदा टक्क्यांची जड काबर्ने देणे म्हणजे पाहुण्याचे हाल करणे. मटण म्हणजे लाल वाइन, असे डोळे मिटून ठरवणारे शेफ हीच चूक करतात. तिथे थोडी गोडसर, गार शेनां ब्लां द्यावी. पांढऱ्या रश्श्याला तिखटाची ही अडचण नाही, त्यातल्या नारळाच्या दुधाला आणि खसखशीला व्हिओनिए शोभते. पुरणपोळीच्या वेळी एकच नियम पाळावा. वाइन पदार्थाहून गोड हवी, नाहीतर ती नुसती आंबट लागते. उशिरा तोडलेल्या शेनांची डेझर्ट वाइन नाशिकमध्ये होते, तिच्याबरोबर तुपातली पुरणपोळी देऊन पाहावी.

तरीही एक अडचण उरते आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेअरिंगची पद्धत एकामागून एक पदार्थ मागते. आपले ताट मात्र एकदम वाढले जाते. लिंबू, कोशिंबीर, चटणी, भाजी, आमटी, गोड, सगळे एकाच वेळी समोर, आणि प्रत्येक घास वेगळ्या चवीचा. शेफ यावर ताट मोडतात. वडी वेगळी आणतात, भाजी वेगळी, भात शेवटी वाटीभर. दिसायला सुरेख, पण जेवणाचा जीव जातो. डावी-उजवी बाजू लावून वाढलेल्या ताटात आंबट, तिखट, तुरट एकमेकांना सावरतात, ते सावरणेच नाहीसे होते. माझे मत स्पष्ट आहे: ताट मोडू नका, पेले वाढवा. प्रत्येक ताटामागे दोन पेले ठेवा, एक गार आणि किंचित गोडसर पांढरी, दुसरी हलकी, कमी तुरट लाल. कुठल्या घासाला कुठला घोट, हे जेवणारा स्वतः ठरवील. ताटात सोलकढी असेल तर ती शेवटी वाढावी, कारण कोकमाच्या आंबटपणापुढे बहुतेक वाइन फिक्या पडतात.

यजमानांनी सांभाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड देशातला, तिथली खोली सोळा-अठरा अंशांची. आपल्याकडे मार्चमध्ये बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच आणावी. भाषण पदार्थ येण्याआधी उरकावे. एका नामांकित हॉटेलात वाइनची महती ऐकता ऐकता आमच्या पुढचे मटण गार झाले होते. आणि जे पीत नाहीत त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास पुरेसा नाही. आवळ्याचे, कोकमाचे, कैरीचे सरबत वाइनच्याच काळजीने पदार्थाशी जुळवून द्यावे. कुटुंबातली सून पिते आणि सासू पीत नाही, अशा टेबलावर दोघींनाही सारखाच मान मिळायला हवा.

पाहुण्यांनीही जागा राखण्याआधी विचारावे: मेन्यू काय, वाइन किती आणि किती मिलिलिटर. सहा वेळा साठ मिलिलिटर म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली होते, तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नये. पेला पूर्ण संपवण्याची सक्ती कुणाचीच नसते. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ आहे, म्हणून कॉलेजातल्या धाकट्यांना बरोबर नेताना तेवढे ध्यानात असू द्यावे.

फेब्रुवारीत नाशिकच्या बागांमध्ये तोडणी ऐन भरात असते आणि वाइनरीत मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांची गर्दी होते. तिथल्या आणि शहरातल्या रेस्टॉरंटवाल्यांना माझी विनंती आहे: या हंगामात एक तरी जेवण पूर्ण मराठी ताटाचे ठेवा, ज्याने द्राक्षे पिकवली त्या बागायतदाराला टेबलावर बोलवा, आणि वाचकहो, तुम्ही जागा राखताना हे ताट मागून घ्या.