पूर्ण नाव काय म्हणालात?

गेल्या वर्षी आम्ही पुण्यात घर शोधत होतो. रिसेलचा टू बीएचके, ऑफिसला तासाभरात पोचता येईल असा, जवळपास मुलीसाठी बरी शाळा. कर्ज मंजूर झाले होते. एका एजंटकाकांना फोन केला. बजेट, एरिया, पार्किंग, कितवा मजला चालेल, सगळे त्यांनी लिहून घेतले. "रविवारी सकाळी या, सात फ्लॅट दाखवतो," म्हणाले. मग जाता जाता विचारावे तसे विचारले, "सर, पूर्ण नाव काय म्हणालात?" माझे पहिले नाव दोन्हीकडे चालते. आडनाव सांगितल्यावर फोनवर दोनेक सेकंद शांतता पसरली. "हां... या, या. बघू आपण."

रविवारी सातांपैकी दोनच फ्लॅट पाहून झाले. एकाची चावी वॉचमनकडे सापडली नाही. एकाचा मालक अचानक गावाला गेला होता. एकाचे टोकन म्हणे आदल्याच रात्री झाले. एका ठिकाणी भाडेकरू दार उघडेना आणि शेवटचा मालक फोन उचलेना. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना पुढचे सांगायची गरज नाही. आपल्यातल्या प्रत्येक घरात असा एक रविवार होऊन गेलेला असतो.

दुपारी दीड वाजता आम्ही चहाच्या टपरीवर थांबलो. मी सरळच विचारले, "काका, चावीचं खरं कारण काय?" त्यांनी आधी कप खाली ठेवला. "सर, खरं सांगू? काल रात्री पाचही मालकांना फोन केले. दोघांनी सरळ नाही म्हटलं. दोघं म्हणाले, आम्हाला काही नाही हो, पण सोसायटीत कटकट होईल. एकानं तर मलाच झापलं. असली पार्टी आणणार असाल तर माझा फ्लॅट तुमच्या लिस्टमधून काढा म्हणाला."

"मग मला कालच सांगायचं ना."

"तोंडावर कसं सांगू? लाज वाटते हो."

मला राग यायला हवा होता आणि आलाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आले की या सगळ्या प्रकरणात माझ्यासमोर बसलेला माणूस हा एकटाच आहे. ज्यांनी नाही म्हटले ते पाचही जण आपापल्या घरी दुपारचे जेवत होते.

एजंटचा धंदा बाहेरून दिसतो तितका सोपा नाही. रिसेलच्या व्यवहारात त्याला साधारण एक ते दोन टक्के मिळतात, तेही सौदा झाला तरच. वीस फ्लॅट दाखवून सौदा झाला नाही तर पेट्रोल त्याचे, रविवार त्याचा. एकच फ्लॅट पाच एजंटांकडे असतो. मालक एका किमतीला हो म्हणतो आणि पार्टी दारात आली की दोन लाख वाढवतो. फोटोत दिसणारी गॅलरी प्रत्यक्षात बंद करून खोलीत घेतलेली असते. घर दाखवून झाले की लिफ्टमध्येच मालक आणि पार्टी एकमेकांचे नंबर घेतात आणि परस्पर सौदा करून त्याला बाजूला सारतात. या अडचणींवर त्याच्याकडे थोडाफार इलाज असतो. आपल्या नावावर मात्र त्याच्याकडे एकच इलाज आहे, तो म्हणजे खोटे बोलणे.

म्हणून या धंद्याची एक सांकेतिक भाषा तयार झाली आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फ्लॅटच्या खाली 'व्हेज फॅमिली' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ फक्त जेवणापुरता नसतो हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. 'सोसायटी जरा स्ट्रिक्ट आहे' म्हणजे काय, तेही सगळ्यांना कळते. याउलट जिथे आपल्याला घर मिळू शकते त्या इमारतीला 'कॉस्मो' म्हणतात. एखादी इमारत सर्वांना खुली आहे हे सांगायला वेगळा शब्द लागतो, यावरून बाकीच्या इमारतींविषयी काय समजायचे ते समजावे.

ही आपली खासगी तक्रार नाही. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर विकत किंवा भाड्याने घेताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरातल्या भाड्याच्या घरांवर केलेला अभ्यास 2015 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. वेगवेगळ्या नावांनी घरासाठी विचारणा करायची आणि काय उत्तर येते ते पाहायचे, अशी त्याची पद्धत होती. उच्चजातीय हिंदू नावांना घर सहज मिळाले, दलित नावांना कमी, आणि मुस्लीम नावांना सर्वांत कमी.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक साधा अनुभव आहे: जो बिघाड लॉगमध्ये नोंदलाच जात नाही, तो दुरुस्त होत नाही. घर नाकारण्याचे नेमके तसे आहे. मालक म्हणतो, माझी हरकत नाही, सोसायटीची आहे. सेक्रेटरी म्हणतो, कमिटीचे काही नाही, मेंबर लोक बोलतात. मेंबर म्हणतात, मालकाचा फ्लॅट, तो ठरवेल. कुठल्याही कागदावर 'नाही' नसते. ते फक्त एजंटच्या तोंडून, आणि तेही हरवलेल्या चावीच्या रूपाने आपल्यापर्यंत पोचते. मग आपण एजंटला शिव्या देतो आणि आपल्याच मोहल्ल्यात जास्त पैसे मोजून, कागदपत्रे नीट नसलेला फ्लॅट घेतो. त्याला बँक कर्ज देत नाही, ते दुःख वेगळेच.

कायदा काय म्हणतो? संविधानाचे कलम 15 धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करायला राज्यसंस्थेला मनाई करते. दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. खासगी मालकाने आपले घर कोणाला विकावे, याचा नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सदस्यत्व पारशांपुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला. खासगी क्षेत्रातल्या भेदभावालाही हात घालू पाहणारे एक विधेयक शशी थरूर यांनी खासदार म्हणून लोकसभेत मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे मोठी पोकळी आहे, हे मान्यच करावे लागेल.

पण पोकळी आहे म्हणून हातात काहीच नाही, असेही नाही. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमात खुल्या सदस्यत्वाचे तत्त्व आहे. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, नाकारले तर कारणासह कळवावे लागते, आणि त्याविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते. जिच्या उपविधीत पारशी संस्थेसारखी अट नाही, त्या संस्थेच्या कमिटीला 'आमच्याकडे तुमचे लोक घेत नाहीत' हे कारण कागदावर लिहायला जड जाईल. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तर फ्लॅटच्या हस्तांतरणाला संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र सक्तीचेही नाही. कर्जासाठी बँक ते मागते हा भाग वेगळा. तरीही मालक ते प्रमाणपत्र पुढे करतो, आपण घाबरतो, आणि अर्ज दाखल होण्याआधीच विषय संपतो. लढाई हरण्यापूर्वी ती सुरूच होत नाही.

याच ठिकाणी एजंटचा आणि आपला स्वार्थ एक आहे, असे मला वाटते. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, 11 एप्रिल 1968 रोजी, घरांच्या बाबतीतला भेदभाव रोखणारा फेअर हाउसिंग अॅक्ट झाला. वंश किंवा धर्म पाहून ग्राहकाला ठरावीक वस्तीकडे वळवणे तिथे बेकायदा आहे. कायद्याने पूर्वग्रह गेले का? नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 'न्यूजडे' या वृत्तपत्राने तीन वर्षे छुपे कॅमेरे लावून, सारख्याच ऐपतीचे वेगवेगळ्या वंशांचे ग्राहक एजंटांकडे पाठवले. 2019 मध्ये त्यांनी छापलेल्या निष्कर्षांनुसार कृष्णवर्णीय ग्राहकांच्या 49 टक्के चाचण्यांमध्ये असमान वागणुकीचे पुरावे मिळाले. पण तिथे ते मोजता आले, त्यावर बोट ठेवता आले. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, तिथल्या प्रामाणिक एजंटला मालकाला सांगता येते, "तुमची ही अट मी पाळू शकत नाही, माझा परवाना जाईल." आमच्या एजंटकाकांकडे हे वाक्य नाही. त्यांना नाही म्हणण्यासाठी आधारच नाही.

महाराष्ट्रात महारेराच्या प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या एजंटांना नोंदणी करावी लागते, आता प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. आपल्या संघटनांनी मागणी करावी अशी ही जागा आहे. धर्म, जात, एकटी स्त्री या कारणांवरून घर न दाखवणे हा गैरव्यवहार मानला जावा, आचारसंहितेत तसे स्पष्ट लिहिले जावे, आणि मालकाने तशी अट घातली तर एजंटने काय करायचे याचा धडा प्रशिक्षणात असावा. जुन्या सोसायट्यांतले रिसेलचे सौदे महारेराच्या कक्षेबाहेर राहतील हे खरे. पण एजंट बहुधा तोच असतो. एकीकडे लागलेली सवय तो दुसरीकडेही नेईल.

तोवर आपण काय करायचे? मी माझ्यापुरते काही ठरवले. पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगायचे. मित्राच्या नावाने चौकशी करायची नाही. दारापर्यंत पोचून परत येण्यापेक्षा फोनवर कळलेले बरे, आणि आपले नाव ही लपवायची गोष्ट नाही. नकार आला तर 'तेवढं मेसेज करून कळवा' म्हणायचे. लोक लिहायला कचरतात, आणि कधी कधी त्या कचरण्यातच विचार बदलतो. सदस्यत्वाचा अर्ज तोंडी चर्चेत न गुंडाळता भरून द्यायचा आणि पोच घ्यायची. जो एजंट सरळ वागेल त्याचे कमिशन पूर्ण द्यायचे, त्याला डावलून परस्पर सौदा करायचा नाही आणि त्याचा नंबर चार जणांना द्यायचा. धंद्यात प्रामाणिकपणा परवडला तर तो टिकतो.

टपरीवरची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. उठताना काका म्हणाले, "सर, राग मानू नका. तुमच्या लोकांच्या एरियात माझा एक दोस्त याच लाइनमध्ये आहे. एकटी मुलगी असली, जयभीमवाली फॅमिली असली, की तिथले ओनरही त्याला असंच सांगतात. तोसुद्धा चावी हरवतो."

मी काही बोललो नाही, कारण मला आमची वरची खोली आठवली. अब्बांनी ती भाड्याने द्यायला काढली तेव्हा जाहिरातीचा मजकूर मीच टाइप केला होता: 'फक्त फॅमिली, आपल्यातलेच.' एका नर्सने फोन केला होता, एकटी राहणारी होती. अम्मीने 'खोली गेली' असे सांगितले. खोली गेली नव्हती. तेव्हा आमच्यापैकी कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. आपण ज्याला अन्याय म्हणतो तोच आपल्या घरात 'काळजी' या नावाने राहत असतो.

पुढच्या आठवड्यात काकांनी माझ्यासमोरच एका मालकाला फोन लावला. "पार्टी मुसलमान आहे, इंजिनिअर आहेत, लोन मंजूर आहे. अडचण असेल तर आत्ताच मेसेज करून सांगा, म्हणजे रविवार वाया जायला नको." दहा मिनिटांनी मेसेज आला: 'अडचण नाही. सकाळी 11 ला या.' आज आम्ही त्याच घरात राहतो. नशीब म्हणा, पण ते सरळ विचारल्यामुळे उघडले. त्याआधी आणखी तिघांनी लेखी नकार द्यायचे टाळले होते, तेही सांगितले पाहिजे.

अब्बांची खोली यंदा पुन्हा रिकामी झाली. मजकूर लिहायला त्यांनी मलाच सांगितले. मी भाडे, डिपॉझिट आणि पाण्याची वेळ लिहिली, आणि 'आपल्यातलेच' हा शब्द गाळला. अब्बांनी वाचून विचारले, "काही राहिलं का?" मी म्हणालो, "नाही." ते थोडा वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, "ठीक आहे, टाक."